चिवळ की घोळ? आधी पेर पाहा

प्रश्न : पावसाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की सेमिनरी हिल्सच्या उघड्या खडकावर, खाचांतल्या चिमूटभर मातीत, जाड पानांची बुटकी रोपं उगवतात. काहींना पिवळी फुलं येतात, काहींना गुलाबी. सोबतचे सगळ्यांनाच चिवळ म्हणतात. नेमकी ओळखायची कशी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : फुलावर विसंबू नका. ते उन्हात काही तासच उमलतं, आभाळ भरलेलं असेल तर मिटलेलंच राहतं. पेर मात्र केव्हाही पाहता येतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पान जिथून फुटतं तो सांधा उन्हाकडे धरा.

खरी चिवळ, म्हणजे पोर्टुलाका क्वाड्रिफिडा, दोऱ्यासारखी बारीक असते आणि जमिनीला चिकटून पसरते. पानं समोरासमोर, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब. प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, कापसाचा धागा गुंडाळल्यासारखं. पेरांना मुळं फुटतात, म्हणून फांदी उचलली की ती जागोजागी अडकते. फूल शेंड्याला, चार पानांच्या कुशीत, आणि पाकळ्याही चारच. क्वाड्रिफिडा या नावातही चार आहेतच.

घोळ (पोर्टुलाका ओलेरासिया) जाड, गुळगुळीत, बहुधा तांबूस खोडाची. पान टोकाला रुंद आणि देठाकडे निमुळतं. पेरावर नजरेत भरतील असे केस नाहीत. पाकळ्या बहुधा पाच. फसगत होते ती इथेच. खडकावर माती बोटभरही नसते, त्यामुळे घोळ खुरटते आणि तिची पानं चिवळीएवढी होतात. आकार पाहून ठरवलं की चुकलंच. केसांचं कडं मात्र फसवत नाही. चवीवरही जाऊ नका. पाणी तुटलं की घोळ रात्री आम्ल साठवते, म्हणून तेच पान संध्याकाळपेक्षा सकाळी जास्त आंबट लागतं.

गुलाबी फुलाची ती बहुतेक पोर्टुलाका पिलोसा. पानं सुईसारखी गोलसर, एकाआड एक, आणि बगलेत लांब केसांचे झुबके. कुंडीतल्या ऑफिस टाइमची ही बहीण, पण हिचं फूल साधारण सेंटिमीटरभर. ऑफिस टाइमचं त्याच्या दुप्पट-तिपटीहून मोठं.

आणखी एक सोबतीण असते, पांढरी घेटुळी (ट्रायंथेमा). ती या कुळातलीच नाही. समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं, एक लहान. देठाचा तळ पातळ पापुद्र्यासारखा पसरलेला, आणि फूल त्यातच रुतून बसलेलं. तिला पाकळ्या नसतात. गुलाबी किंवा पांढरं दिसतं ते निदल, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण. फळावरून मात्र ठरवू नका. चिवळ, घोळ आणि घेटुळी तिघींचंही बोंड आडवं फाटतं आणि वरचा भाग डबीच्या झाकणासारखा निघतो.

भाजीसाठी खुडत असाल तर प्रत्येक फांदी मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती नायटीच्या जातीतली. ती टाकून द्या. अशी एखादी काडी चिवळीच्या जुडीत सहज मिसळून येते.

प्रश्न : ही रोपं वहीत दाबली तर पंधरा दिवसांनीही हिरवीच राहतात आणि पानं गळतात. काय चुकतं?

उत्तर : रोप मेलेलंच नसतं. साठवलेल्या पाण्यावर ते कागदातही जगतं, घोळ तर उपटल्यावरही बी धरते. फुलं आधी खुडून वेगळी दाबा; पाकळ्यांची संख्या आणि रंग जागेवरच लिहून ठेवा, कारण वाळल्यावर फुलाचा नुसता चोळामोळा उरतो. मग रोप उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवा, फडक्याने टिपा आणि वर्तमानपत्रात दाबा. पहिला आठवडाभर कागद रोज बदला; एक दिवस राहिला तरी बुरशी धरते. नमुन्याला एक फांदी पुरे, पण ती किमान तीन पेरांची असू द्या. मूळ उपटलं की खाचेतली मातीही त्यासोबत निघून जाते.