कामाच्या ठिकाणी एर्गोनॉमिक्सचा, म्हणजे काम माणसाच्या शरीराला सोयीचं करण्याचा, कार्यक्रम कंपन्या स्वतःहून राबवत असतील, तर सरकारी नियम कशाला हवा?

कारण स्वतःहून केलेला कार्यक्रम एका ठरावीक जागी येऊन अडतो. ती जागा मी पाहिली आहे.

अकरा वर्षं पॅकिंग लाइनवर काढल्यावर मी सेफ्टी कमिटीत आले, तेव्हा असाच कार्यक्रम आम्ही राबवला. टेबलांची उंची बदलली, खोकी जमिनीवरून न उचलता कमरेशी येतील अशी सोय केली, उभं राहायला मऊ मॅट घातल्या. पाठीच्या तक्रारी खरोखर कमी झाल्या. कोणी इन्स्पेक्टर आला नव्हता, आणि लाइनवरच्या बायकांना विचारून केलं म्हणूनच ते जमलं. कोणतं खोकं कुठे अडतं, हे नियम लिहिणाऱ्याला कुठून कळणार?

लाइनच्या वेगाला मात्र आम्हाला हात लावता आला नाही. तीच हालचाल शिफ्टभर हजारो वेळा करायची आणि स्नायूंना सैल पडायला वेळच मिळायचा नाही, यानं मनगट जातं. तिथे वेग कमी करणं, मध्ये विश्रांती देणं किंवा माणसं आलटून पालटून वेगळ्या कामावर ठेवणं, हेच खरे उपाय. वेगाचा विषय काढला की तो पुढच्या मीटिंगवर जायचा. त्यातच महिनाभर एकही दुखापत नोंदली गेली नाही तर सगळ्या टीमला बक्षीस, अशी योजना आली. मग दुखलं तरी कोणी सांगेना. आपल्यामुळे बाकीच्यांचं बक्षीस कशाला बुडवायचं? मीही उजवं मनगट घेऊन सात महिने गप्प बसले. कागदावरचे आकडे सुधारले आणि मनगटांवरची क्रेप बँडेजं तशीच राहिली.

अमेरिकेत हा वाद उघडपणे लढला गेला. तिथल्या ओशा या कामगार सुरक्षा खात्यानं नोव्हेंबर 2000 मध्ये एर्गोनॉमिक्सचा नियम जाहीर केला. जानेवारी 2001 मध्ये तो लागू झाला, मार्चमध्ये काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, तो रद्द ठरवला आणि 20 मार्चला राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली. ज्या कायद्याखाली तो रद्द झाला, त्यानुसार तसाच नियम पुन्हा आणायला काँग्रेसनं नवा कायदा करावा लागतो. मागे उरल्या ऐच्छिक सूचना आणि 1970 च्या कामगार सुरक्षा कायद्यातलं सर्वसाधारण कर्तव्याचं कलम, म्हणजे मालकानं कामाची जागा गंभीर धोक्यांपासून मुक्त ठेवावी एवढंच सांगणारं. त्या कलमाखाली धोका गंभीर आहे आणि त्यावर उपाय शक्य आहे, हे खात्याला दर प्रकरणात नव्यानं सिद्ध करावं लागतं.

नियमाचा खर्च लहान उद्योगांना जड जातो, हा आक्षेप खोटा नाही. त्यांना मुदत आणि मदत द्यायलाच हवी. शिवाय नियम म्हणजे कसाही नियम नव्हे. कॅलिफोर्नियाचा 1997 चा नियम लागू होतो तो एकसारखं काम करणाऱ्या किमान दोघांना बारा महिन्यांत तीच तीच हालचाल करून झालेली दुखापत आहे असं डॉक्टरांनी ठरवल्यावर. म्हणजे आधी दोन माणसं दुखावली पाहिजेत! युरोपचा 1990 चा स्क्रीनवरच्या कामाचा निर्देश मला पटतो. त्यात मालकानं कामाची जागा आधी तपासायची असते आणि कामात खंड किंवा बदल द्यायचा असतो, कोणी आजारी पडण्याची वाट न पाहता.

तुमच्या कंपनीत असा कार्यक्रम सुरू होत असेल तर दोन गोष्टी विचारा. दुखणं नोंदवलं तर कोणाचं काही बुडतं का? आणि लाइनचा वेग ठरवणारा माणूस कमिटीत बसतो का? आमच्या कमिटीत तो कधीच नव्हता.