छोटं विमान की बाइक, धोका कशात जास्त?
तू विचारलंस म्हणून सरळ सांगतो, घरच्यांना "विमान तर कारपेक्षा सेफ असतं" असं सांगून गप्प करू नकोस, ते एअरलाइनच्या जेटबद्दल खरं आहे, आपल्या चार सीटवाल्या सिंगल इंजिनबद्दल नाही. अमेरिकेत छोट्या विमानांचे जीवघेणे अपघात साधारण १ लाख उड्डाण तासांमागे १ च्या आसपास असतात, म्हणजे तासाच्या हिशोबाने ते बाइकच्याच पंगतीत बसतं. मैलाच्या हिशोबाने बरं दिसतं कारण विमान वेगात जातं.

खरा फरक आहे कारणांत, आणि हे नीट समजून घे. बाइक तू कितीही सांभाळून चालव, चौकात समोरचा कारवाला अचानक आडवा वळला तर तुझ्या हातात फार थोडं उरतं. विमानात मात्र बहुतेक वेळा पायलटचाच निर्णय नडतो, फ्युएल संपणं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर काही दिसत नसताना फक्त उपकरणं बघून उडवायचा परवाना) नसताना ढगात घुसणं, लँडिंगआधीच्या शेवटच्या वळणावर स्पीड घालवून स्टॉल होणं (म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान खाली पडायला लागणं), आणि तिथे खाली सावरायला उंचीच नसते. इंजिन बंद पडायची भीती सगळ्यांना वाटते, पण विमान ग्लाइड करतं रे, म्हणजे इंजिनाशिवायही तरंगत हळूहळू खाली येतं, दगडासारखं पडत नाही.

म्हणून तासभर पुरेल एवढं जास्तीचं फ्युएल ठेवूनच उतरायचं, हवामान डाउटफुल असेल तर फ्लाइट कॅन्सल, बरोबरचे कितीही घाई करोत. बाइक पण चालवणार असशील तर फुल फेस हेल्मेट आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारे ब्रेक), इथे पैसे वाचवू नकोस.