वंध्यत्व उपचारांपूर्वीची एचआयव्ही चाचणी आणि केंद्राचा नकार

प्रश्न : आम्ही सांगलीला राहतो. आयव्हीएफसाठी (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारासाठी) पुण्यातील एका केंद्रात ८०,००० रुपये आगाऊ भरले. तपासण्यांत यजमानांचा एचआयव्ही अहवाल पॉझिटिव्ह आला, माझा निगेटिव्ह. केंद्राने ही गोष्ट फोनवरून माझ्या दिरांना सांगितली. आता उपचारही नाहीत आणि पैसेही परत नाहीत, असे केंद्र म्हणते.

उत्तर : आधी सरकारी रुग्णालयातील आयसीटीसीमध्ये (एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात) यजमानांची चाचणी पुन्हा करून घ्या. ती मोफत असते आणि एकाच चाचणीवरून निदान पक्के धरले जात नाही.

चाचणी सुचवण्यात केंद्राचे काही चुकले नाही, कारण संसर्ग तुम्हाला व बाळाला होऊ नये हाच तिचा हेतू असतो. मात्र एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ च्या कलम ५ नुसार तिच्यासाठी समुपदेशन आणि समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे. बिलात ‘व्हायरल मार्कर्स’ (विषाणुसंसर्गाच्या रक्तचाचण्या) अशी एक ओळ आणि कागदांच्या गठ्ठ्यावर घाईने घेतलेल्या सह्या म्हणजे संमती नव्हे. अर्थात, वीर्यासारख्या शरीरद्रव्यांच्या उपचारातील वापराबाबत कलम ६ मध्ये अपवाद असून केंद्र तो पुढे करील. तेव्हा सारी भिस्त या मुद्द्यावर ठेवू नका.

तुमची बळकट बाजू पुढे आहे. कलम ९ डॉक्टरांना अटींसह केवळ जोडीदाराला कळवण्याची मुभा देते. दीर त्यात बसत नाहीत. निव्वळ एचआयव्हीमुळे उपचार नाकारणे हा कलम ३ प्रमाणे भेदभाव ठरतो, आणि यजमानांसोबत राहत असल्याने ते संरक्षण तुम्हालाही आहे. नियमित औषधांनी विषाणूचे प्रमाण आटोक्यात आणून, तसेच वीर्य धुण्याच्या (शुक्राणू वीर्यद्रवापासून वेगळे करण्याच्या) पद्धतीने, अशा जोडप्यांवर उपचार केले जातात. म्हणून नकाराचे वैद्यकीय कारण लेखी मागा.

त्याच अर्जात सर्व कागदपत्रांच्या प्रती मागा. त्या ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. २०२१ च्या सहायक जननतंत्रज्ञान कायद्याखाली केंद्रात तक्रार निवारण कक्ष असावा लागतो, तेथे तक्रार नोंदवून पोच घ्या. भेदभावाची तक्रार २०१७ च्या कायद्याखालील राज्याच्या लोकपालाकडे करता येते. पैशांसाठी व भरपाईसाठी सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येईल. तुम्ही भरलेल्या रकमेइतक्या प्रकरणात तेथे तक्रारीचे शुल्क नाही. न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर कलम ३४ खाली टोपणनावाने प्रकरण चालवण्याची विनंती करता येते.

रक्कम परत देताना केंद्राने ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून मागितले, तर वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.