ढोल-ताशा पथकात नवीन आलेल्याला

तुझ्या वयात मीही पुण्यात दोन-तीन पथकांत ढोल वाजवला. नदीपात्रातला सराव, पावसात भिजलेले टी-शर्ट आणि नंतरचा वडापाव अजून आठवतो. तू नाव घातलंस, फार बरं केलंस!

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- ढोल कमरेला घट्ट बांध. सैल राहिला की तो खाली ओढतो, पाठ धरते आणि तासाभरात माणूस बसतो. नव्यांचं बहुतेक इथेच चुकतं. गाठ जुन्या वादकाकडून मारून घे.
- टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, मनगटातून मार, खांद्यातून नको. जोर लावला म्हणजे आवाज येतो असं नाही.
- थापीच्या, म्हणजे टिपरू नसलेल्या हाताच्या बोटांना आधीच चिकटपट्टी गुंडाळ, कातडी सोलून निघाल्यावर नव्हे.
- कान ताशाकडे. गर्दीकडे बघत राहिलास की ठोका निसटतो आणि शेजारचाही बिघडतो. चुकलास तर थांब, पुढच्या आवर्तनात शिर.

कानात बोळे घालच, त्यात कमीपणा नाही.

ताशा, ध्वज, अवघड हात (वादनाचे ठेके) यंदा नकोत. पहिला हात पक्का होऊ दे. सरावाला मात्र रोज ये, विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर तेच कामी येतं.