जूनमध्ये सगळं मोडतं

प्रश्न : डॉक्टर, मी गुहागरजवळ राहते, वय ४७, घरगुती खानावळ आहे त्यामुळे दिवसभर उभी असते पण चालणं असं नाहीच. गिऱ्हाईकांबरोबर चहा पाच वेळा होतो, दोन-दोन चमचे साखरेचा. जानेवारीत तीन महिन्यांची शुगर ६.१ आली, घाबरून भात पूर्ण बंद केला आणि जिम लावली, रोज तासभर. वीस दिवसांत गुडघा धरला, जिम सुटली, भात परत सुरू. दरवर्षी असंच काहीतरी सुरू करते आणि जूनमध्ये पाऊस लागला की सगळं मोडतं. टिकवायचं कसं?

उत्तर : ताई, तीन महिन्यांच्या शुगरच्या तपासणीत (HbA1c) ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या अलीकडची पायरी, इथून मागे फिरता येतं. चेन्नईत अशाच काठावरच्या लोकांवर तीन वर्षं अभ्यास झाला, २००६ साली छापून आला, त्यात नुसतं नियमित चालणं आणि खाण्यातले बदल यांनी डायबेटिस होण्याचं प्रमाण जवळजवळ २८ टक्क्यांनी घटलं आणि तेही वजन फारसं न उतरता. म्हणून वजनकाट्याकडे बघून निराश होऊ नका.

तुमचं चुकलं ते एकदम सगळं धरलंत. कोकणात जन्म काढलेल्या बाईने भात सोडायचा म्हणजे पंधरा दिवसांत तो दुप्पट परत येणार, मी रोज बघते. आधी फक्त चहा धरा. पाच कप म्हणजे दहा चमचे, जवळजवळ ४० ग्रॅम साखर झाली हो, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. दोनाचा दीड चमचा करा, दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते, मग एक. तोपर्यंत दुसरं काही बदलू नका, खरंच नका.

चहा जमला की भात. वाटीने मोजून घ्या, आधी भाजी आणि मासे खा, भात शेवटी, आणि रोजच्यापेक्षा अर्धी वाटी कमी. उकडा भात पॉलिश केलेल्यापेक्षा बरा पण तोही भातच, म्हणून तीन वाट्या नकोत. पावसात टाकळा, फोडशी, भारंगी अशी रानभाजी फुकट उगवते ती पानात भरपूर येऊ द्या. बांगडा तळण्यापेक्षा त्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, करा, तेल वाचतं. आणि सोलकढी नारळाच्या दुधाची असते, पाण्यासारखी पेल्यावर पेला पिऊ नका.

आता चालणं. तासभर नको, दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतर ती चढत असते तेव्हाच ते कामाला येतं. खानावळ आवरून मग जेवता ना, तर जेवल्यावर लगेच आडवं न होता अंगणात फेऱ्या मारा. पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूवर, जायचं तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर, मऊ वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यावर ताण येतो. आजच्या ओहोटीपेक्षा उद्याची साधारण ५० मिनिटं उशिरा, हे तुम्हाला मी काय सांगायचं. आणखी एक, किनारा उतरता असतो त्यामुळे गेलात त्याच वाटेने परत या, नाहीतर एकाच पायावर भार पडतो. गुडघा सुजला किंवा रात्रीही दुखायला लागला तर मात्र आधी दाखवून घ्या.

जूनचं आत्ताच ठरवून टाका, कारण पाऊस लागल्यावर ठरवलं तर राहून जातं. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती पावलं होतात ते मोजून ठेवा, म्हणजे दहा मिनिटांत किती फेऱ्या ते कळेल. गुडघा सोसत असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भाताचा कुकर शिट्टी देईपर्यंत सहज होतं. मधे दोन दिवस घरी पाहुणे आले, राहिलं, तर तिसऱ्या दिवशी नव्याने संकल्प वगैरे करू नका, जेवून उठलात की फेऱ्या सुरू. तपासणी परत तीन महिन्यांनी करा, त्याआधी आकडा नीट कळत नाही. आणि पहिल्या महिन्यात चहाचं कुठवर आलं ते मला जरूर लिहून पाठवा.