आधी रोजमेळ, मग सॉफ्टवेअर

नमस्कार ताई,

तुमची मुलगी नववीत आहे. सुट्टीत आपल्या किरकोळ विक्रीच्या दुकानात गल्ल्यावर बसायला तिला आवडतं, पण गणितात गुण बेताचे. तिला आत्ताच हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या क्लासला घालावं, असं तिच्या वडिलांचं म्हणणं. आणि तुम्हाला धास्ती, की ती दुकानाच्या हिशेबात अडकली तर पुढच्या वाटा बंद होतील.

तिला जमाखर्च जरूर शिकवा, पण क्लासची घाई नको. सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही; मात्र कुठली रक्कम कुठल्या खात्यात टाकायची, हे माणसालाच ठरवावं लागतं. चुकीच्या खात्यात टाकलेली रक्कमही ते तितकीच नीटनेटकी छापून देतं. म्हणून आधी साधी वही आणि पेन.

सुरुवात रोजमेळापासून, म्हणजे रोजच्या रोखीच्या हिशेबापासून करा. दुकान उघडताना गल्ल्यातली रक्कम मोजायची, ती आरंभीची शिल्लक. दिवसभराची रोख विक्री आणि वसूल झालेली उधारी जमेच्या बाजूला. रोखीची खरेदी, किरकोळ खर्च आणि घरासाठी केलेली उचल नावेच्या बाजूला. दुकान बंद करताना वहीतली शिल्लक आणि हातातली रोख जुळते का ते पाहायचं. नाही जुळली, तर खिशातून भर घालायची नाही आणि मुलीला रागवायचंही नाही. फरक तसाच ‘कमी’ किंवा ‘जादा’ म्हणून लिहायचा आणि मग शोधायचा.

हा शोधच मुलांना सगळ्यात जास्त शिकवतो. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर आधी उलटसुलट झालेले अंक पाहावेत: ५४० च्या जागी ४५० लिहिले की फरक ९० चा येतो. फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम चुकीच्या बाजूला गेली आहे का ते तपासावं. ६० चा खर्च जमेत पडला, की फरक १२० चा. दर वेळी चूक हीच असेल असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

एक विनंती तुम्हा दोघांना. गल्ल्यातून घरासाठी काढलेली रक्कम मोठी माणसंच बहुधा लिहीत नाहीत. ती उचल तुम्ही लिहिली नाहीत, तर तिचा रोजमेळ कधीच जुळणार नाही आणि दोष मात्र तिला स्वतःचा वाटेल.

रोजमेळ अंगवळणी पडला की साठा आणि नफा. आरंभीचा साठा १,०००, महिन्याची खरेदी ३,०००, अखेरचा साठा १,२०० असेल, तर विकलेल्या मालाची खरेदी किंमत २,८००. विक्री ३,५०० ची झाली असेल, तर ढोबळ नफा ७००. आता तिला विचारा, हा नफा किती टक्के? खरेदी किमतीवर काढला तर २५, विक्रीवर काढला तर २०. मग म्हणा, ‘२५ टक्के सुटतात, तर सगळ्या मालावर २५ टक्के सूट देऊ या का?’ तिला स्वतःच हिशेब करू द्या. विक्री २,६२५ वर येते आणि १७५ चा तोटा होतो. शेकडेवारीची भीती घालवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहायची पद्धत, त्यानंतर. लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये ही पद्धत छापून प्रसिद्ध केली, तेव्हा तिथले व्यापारी ती आधीपासूनच वापरत होते. तुमची मुलगीही आधी व्यवहार हाताळेल आणि मग नियम शिकेल, यात काही वावगं नाही.

वाटा बंद होण्याची भीती सोडा. लेखापाल, लेखापरीक्षण, करसल्ला, बँक, मोठ्या दुकानांचं खरेदी आणि साठा व्यवस्थापन अशा बऱ्याच कामांचा पाया हाच आहे. ती पुढे डॉक्टर किंवा शिवणकाम करणारी झाली, तरी स्वतःचा व्यवसाय चालवताना हे लागेलच. शाखा आत्ता ठरवायची गरज नाही. गणित मात्र सोडू देऊ नका. रोजमेळाला बेरीज-वजाबाकी पुरते. पुढच्या व्यावसायिक परीक्षांना पुरत नाही.

आणि हे तिचं शिक्षण आहे, बिनपगारी नोकरी नव्हे. रोज अर्धा तास पुरे, परीक्षेच्या दिवसांत तेही नको.

काही महिने असे गेले, की महिनाअखेरीस तिला विचारा, ‘नफा झाला म्हणतेस, तर रोख कुठे आहे?’ वाढलेला साठा, न आलेली उधारी, फेडलेली देणी, घरची उचल यांत ती स्वतःहून शोधू लागली, की तिच्या वडिलांनी खुशाल क्लासची फी भरावी.