पत्र म्हणजे कैफियत नव्हे

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

वडिलांना धाडायचं तुझं चार पानी पत्र वाचलं. "सर, मुद्दे बरोबर आहेत ना?" असं विचारलंयस. सगळे बरोबर आहेत. तेच तर दुखणं आहे. अरे, पत्र लिहितोयस की कैफियत?

अमेरिकेचे शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांचा मुलगा विल्यम यांचं सांगतो. ढगातली वीज तपासायच्या 1752 च्या पतंगाच्या प्रयोगात बापाच्या जोडीला हाच होता. 1771 मध्ये फ्रँकलिननी आत्मचरित्र लिहायला घेतलं तेही 'प्रिय मुला' म्हणून, यालाच उद्देशून. तेव्हा तो न्यू जर्सीचा गव्हर्नर, इंग्लंडच्या राजानं नेमलेला. 1776 उजाडलं, बापाची सही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि मुलगा राजनिष्ठ म्हणून अटकेत. तो कैदेत असतानाच त्याची बायको गेली. तिला शेवटचं पाहूही दिलं नाही त्याला.

युद्ध संपल्यावर, 22 जुलै 1784 ला, विल्यमनं बापाला पत्र घातलं. जुना जिव्हाळा पुन्हा जुळावा, म्हणाला. तिथंच थांबायचं ना! पण नाही. मी कर्तव्यच केलं, चुकलो असेन तर इलाज नाही, पुन्हा तशी वेळ आली तरी तसाच वागेन. कुणी विचारलं होतं?

16 ऑगस्टला फ्रान्समधून उत्तर आलं. समेट मलाही आवडेल, असं म्हणून म्हाताऱ्यानंही आपली फिर्याद मांडलीच: उतारवयात एकुलत्या एका मुलानं सोडलं, वर माझ्याविरुद्ध शस्त्र धरलं, याइतकं कशानंच दुखावलं नाही. भेटू कधीतरी, पण आत्ता इकडे येऊ नकोस. पुढच्या वर्षी साउथहॅम्प्टनला भेटले, ते जमिनी आणि देणी यांच्या कागदांवर. मृत्युपत्रात मुलाच्या वाट्याला जवळजवळ काहीच नाही. कारण म्हणून त्याचं युद्धातलं वागणंच लिहून ठेवलंय.

म्हणून म्हणतो, कैफियत नको.

मला हे शहाणपण आधी नव्हतं. दुकान सोडून मास्तरकी धरली तेव्हा दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, इनलँड आलं होतं, सहा ओळींचं. मी उत्तरादाखल तीन आठवडे खपून सात पानं लिहिली, मागच्या दहा वर्षांचा हिशेब मांडून. त्यातलं एक अक्षर आजही खोटं नाही. दुकान मला जमलंच नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. बघ, पुन्हा तेच करायला लागलो! दादा पुढं नऊ वर्षं होते. दिवाळीला जायचो, पाऊसपाण्याचं बोलायचो. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

तुझ्या पत्रातली पहिली पाच वाक्यं चांगली आहेत. आईच्या गुडघ्याचं विचारलंयस, आंब्याला मोहोर आला का ते विचारलंयस. तेवढंच ठेव. 'परंतु'पासून पुढचं सगळं काढ.

रविवारपर्यंत सुधारून मला दाखव. नको, दाखवूही नकोस. थेट पेटीत टाक.

तुझा,
सर